मेहुण्यांचे सदतीस संदर्भ

३ मार्च, सोमवार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. तू, तुझे पेशंट आणि त्यांच्या दाढा सुखरूप असाव्यात.

पत्राचं कारण गंभीर आहे. माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडच्या स्वच्छतागृहात संस्थेने हात सुकवायचं यंत्र बसवलं आहे. हसू नकोस. हृदयाच्या एकेका पेशीला केसाहून बारीक काचेची नळी लावायची आणि आतला विजेचा दाब मोजायचा, यात माझी तीस वर्षं गेली. तो दाब इतका क्षीण, की व्होल्टचे हजार तुकडे करून मिलिव्होल्टमध्ये मोजावा लागतो. त्यासाठी माझं टेबल हवेच्या उशीवर तरंगतं, त्याभोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा आहे, मोबाईल दाराबाहेरच्या टोपलीत. आणि पलीकडे कोणी हात धुतले की घुर्रर्र! पडद्यावर पेशीचा नाजूक ठोका दिसायचा तिथे गवताचं रान माजतं. मी तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की स्वच्छता हे संस्थेचं धोरण आहे. तिसऱ्याला आलं की आपण हात धुण्याच्या विरोधात आहात काय, हे लेखी कळवावं.

एक फायदा मात्र झाला. दार वाजल्यावर घुर्रर्र होतं की नाही यावरून या मजल्यावर कोण हात धुतं आणि कोण तसंच बाहेर येतं, हे मला पक्कं कळलं आहे. उपसंचालकांना मी हल्ली लांबूनच नमस्कार करते.

असो. मुद्दा यंत्राचा नाही. मुद्दा तुझ्या नवऱ्याचा आहे.

तुला माहीत आहे, संचालकपदासाठी माझं नाव पुढे आहे आणि एकवीस तारखेला निवड समिती बसणार आहे. आमच्या धंद्यात माणूस किती शहाणा हे त्याचं लिखाण वाचून ठरत नाही, वाचायला वेळ कोणाला आहे? ते ठरतं इतरांनी त्याचा संदर्भ किती वेळा दिला यावरून. एकोणीस वर्षांपूर्वीचा माझा तो एक शोधनिबंध, ज्याच्या जिवावर मी आजवर खुर्चीत बसले आहे, त्याचा संदर्भ सहाशे बारा निबंधांत आहे. हे आकडे मोजतात आमच्या ग्रंथपाल. मी त्यांना आकडेबाई म्हणते, अर्थात मनात. त्या परवा माझ्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं.

"मॅडम, सहाशे बारांतले सदतीस एकाच गृहस्थांचे आहेत."

"असतील. वाचक असतात एकेक."

"त्यांनी एकोणीस वर्षांत निबंधच सदतीस लिहिलेत. आणि सदतीसच्या सदतीसांत तुम्ही आहात. एकही चुकवलेला नाही." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आडनाव तुमच्या धाकट्या बहिणीचंच ना हो?"

मी म्हटलं, हो, मेहुणे आहेत माझे.

"म्हणजे घरचंच कार्य."

समितीने यंदा नवा नियम केला आहे. लोक टोळ्या करून एकमेकांचे संदर्भ देतात आणि आकडे फुगवतात, म्हणून एकाच माणसाकडून तीसच्या वर संदर्भ आले तर लेखी खुलासा द्यायचा. मी ठणकावून सांगितलं, टोळी कसली? मी त्यांचा संदर्भ उभ्या जन्मात एकदाही दिलेला नाही.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"बरं," आकडेबाई म्हणाल्या. ते 'बरं' मला आवडलं नाही.

आता तू मला सांग. जो माणूस माझ्याशी धड चार वाक्यं बोलत नाही, लग्नकार्यात समोर आला तर "उकाडा फार आहे" म्हणून पाण्याच्या पिंपाकडे सटकतो, तो सदतीस वेळा माझं नाव का लिहितो? गुरुजींच्या लॅबमध्ये आम्ही एकत्र काम करायचो तेव्हा सगळे त्याला खाऱ्या म्हणायचो, कारण मिठाची सगळी द्रावणं तो बनवायचा. तेव्हा अरे-तुरे होतं. आता 'तुम्ही' आहे, आणि त्या 'तुम्ही'त मान किती आणि टोमणा किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही. प्रेमाने तर तो हे करत नाहीये. मला तीन शक्यता दिसतात. एक, तो माझी टर उडवतोय. दोन, त्याला कुठूनतरी हा नियम येणार असल्याचं आधीच कळलं होतं आणि तो एकोणीस वर्षं खड्डा खणतोय. तिसरी शक्यता मी लिहीत नाही.

आमचं का बिनसलं ते तू नेहमी विचारतेस. मी तुमच्या लग्नाला विरोध केला म्हणून, असं तू धरून चालली आहेस. तेच असेल.

तर एक काम कर. त्याला सहज विचार. सहज म्हणजे सहज, हातात दात कोरायचं यंत्र घेतल्यासारखा चेहरा करू नकोस. दिवसभर परक्यांची तोंडं उघडतेस, घरातलं एक उघडता येणार नाही? फोन करू नकोस, तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासायची पद्धत आहे. म्हणूनच हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे.

तुझी,
ताई


९ मार्च, रविवार

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. अक्षर डॉक्टरांसारखंच आहे, पण प्रयत्नाने लागलं.

तर तो नळाचा वायसर बदलत होता, तू सहज विचारलंस, आणि त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "ताईंना म्हणावं, वाचून बघा." मग तुझ्याकडे पाना मागितला. आणि वर तू लिहितेस, "मला तरी रागावलेला वाटला नाही." बारके, तो रागावलेला दिसत नाही तेव्हाच सांभाळायचं असतं. लॅबमध्येही तो असाच होता. कोणी त्याचं लेबल लावलेलं द्रावण सांडलं तर आवाज न चढवता म्हणायचा, "असू दे, पुन्हा करू," आणि आपल्यालाच दिवसभर चोरट्यासारखं वाटायचं.

वाचून बघा! काय वाचून बघा? आपला संदर्भ देणाऱ्याचं लिखाण वाचायची रीत आमच्यात नाही. कोणी दारावरची पाटी वाचून गेला म्हणून आपण काही त्याच्या घरी जेवायला जात नाही.

समितीच्या अध्यक्षांनी शुक्रवारी मला बोलावून घेतलं. हा गृहस्थ इतका गोड बोलतो की बाहेर आल्यावर खिसे चाचपावेसे वाटतात.

"मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका. आपण ते सदतीस वजा करून टाकू. सहाशे बारांतून सदतीस गेले तर कोणाचं काय बिघडतंय?"

"आणि खुलासा?"

"एक ओळ. मेहुणे आहेत, पण माझा त्यांच्या लिखाणाशी काही संबंध नाही. खाली सही."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्ही काही दडवत थोड्याच आहात?" असं म्हणून ते हसले. मीही हसले. दोघांपैकी कोणाच्या हसण्यावर माझा जास्त अविश्वास होता, ते सांगता येत नाही.

सुटले असं वाटायला हवं होतं. कागद पुढ्यात होता, पेन होतं. "माझा त्यांच्या लिखाणाशी काही संबंध नाही" इथवर लिहिलं आणि हात थांबला. कारण त्याने आत काय लिहून ठेवलंय, मला कुठे माहीत आहे? समज, सदतीसांपैकी एखाद्या पानावर बारीक अक्षरात त्याने काही पेरून ठेवलं असेल, आणि मी संचालक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी ते उपटून काढलं तर? सहीचा कागद माझाच, फासही माझाच. तेव्हा उद्यापासून ग्रंथालयात बसते. सगळे वाचते. तोही बघेल, ताईंनी वाचलं की काय होतं ते.

आणखी एक. तुमच्या माळ्यावर त्याच्या जुन्या कागदांचं खोकं आहे ना? त्यात निळ्या पुठ्ठ्याची एखादी वही, किंवा तिच्या पानांच्या झेरॉक्स दिसतात का, बघशील? का ते विचारू नकोस. जुनी आठवण म्हणून हवी आहे.

तुझी,
ताई


१६ मार्च, रविवार

बारके,

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवलं आहे. चुकून नाही.

चार दिवस मी आकडेबाईंच्या समोरच्या टेबलाशी बसले होते. पहिल्या दिवशी लाल पेन घेऊन गेले. निबंध कसे आहेत? त्याच्यासारखेच आहेत. कुठे बढाई नाही, विशेषण नाही, पाण्याचं तापमान दशांश चिन्हापर्यंत दिलेलं. माझं नाव मी शोधत होते ते प्रस्तावनेत, जिथे लोक संदर्भांचे गठ्ठे टाकतात. तिथे नव्हतं. चर्चेत नव्हतं, जिथे लोक एकमेकांची उणी काढतात. ते होतं कार्यपद्धतीत, सगळ्यात बारीक टायपात, जे कोणीच वाचत नाही. एकच वाक्य, असं: "प्रवाह सुरू होण्याचा दाब यांच्या निबंधातून घेतला आहे, द्रावणांच्या सीमेवरील दाबापोटी त्यातून अकरा मिलिव्होल्ट वजा केले आहेत."

दुसऱ्या निबंधात तेच. तिसऱ्यात तेच. सदतीसही ठिकाणी, शब्द जवळजवळ न बदलता. लाल पेनचं टोपण मी उघडलंच नाही.

तुला सोपं करून सांगते, नाहीतर तू त्याला विचारशील आणि तो मला सांभाळून घेईल. पेशी बशीत असते, तिथे एक खारं द्रावण. काचेच्या नळीत दुसरं. दोन वेगळी द्रावणं जिथे एकमेकांना भेटतात, तिथे आपोआप थोडा विजेचा दाब तयार होतो. तो पेशीचा नसतो, पण यंत्र तोही धरून मोजतं. म्हणून शेवटी कागदावर तो वजा करायचा. आमच्या लॅबमध्ये जुन्या मिठाने हा दाब इतका किरकोळ यायचा की वजा करायची सवयच कोणाला नव्हती. त्या वर्षी खाऱ्याने नळीतलं मीठ बदललं, कारण नव्याने पेशी जास्त वेळ जगायच्या. आणि नव्याने तो दाब यायचा अकरा मिलिव्होल्ट. मी सहा महिने मोजत होते. एकशे चाळीस पेशी. जुन्याच सवयीने.

चूक कोणाचीही होते, असं तू म्हणशील. थांब.

निबंध पाठवायच्या तीन दिवस आधी तो वजनकाट्याजवळ उभा होता, बाटलीला लेबल लावत. म्हणाला, "मीठ बदललंय, तू अकरा वजा केलेस ना?"

मी म्हटलं, "केलेत."

मग जाऊन वही उघडली. केले नव्हते. सगळ्या आकृत्या काढून झालेल्या, गुरुजी घाई करत होते, दुसऱ्या एका लॅबचा निबंध त्याच विषयावर येतोय अशी कुणकुण होती. मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारायला आला तेव्हा त्याच्या अंगावर ओरडले. "तू द्रावणं ढवळ. आकडे मी बघते." चार जण ऐकत होते. आणि संध्याकाळी पहिलं पान पुन्हा टाइप केलं. लेखकांत त्याचं नाव दुसरं होतं. ते काढून शेवटी आभारात टाकलं, 'द्रावणे तयार केल्याबद्दल'. जो माणूस दोनदा विचारतो तो छापून आल्यावर तिसऱ्यांदा विचारणार, मग तो लेखक नसलेलाच बरा. हा माझा त्या दिवशीचा हिशोब.

निळी वही तुमच्या माळ्यावर नाही, शोधू नकोस. ती माझ्याच कपाटात आहे, कुलपात. तुला शोधायला लावलं ते त्याच्याकडे तिच्या प्रती आहेत का, हे कळावं म्हणून. म्हणजे गेल्या आठवड्यात, या वयात, मी माझ्या सख्ख्या बहिणीला तिच्या नवऱ्यावर हेरगिरी करायला सांगत होते. आणि संशय घेत होते मी त्याच्यावर.

आता तुझ्याबद्दल. निबंध छापून आल्यावर तो आपल्या घरी आला होता, आठवतं? मी खिडकीतून पाहिलं आणि आतून तुला म्हणाले, "सांग, ताई घरी नाही." तू दार उघडलंस, खोटं बोललीस आणि मग अपराधी वाटून त्याला चहा दिलास. दीड तास बसला. तो माझ्याशी बोलायला आला होता, बारके. तुझा संसार माझ्या त्या अकरा मिलिव्होल्टांवर उभा आहे. तुमच्या लग्नाला मी विरोध केला तो त्याच्या पगारामुळे नव्हता की स्वभावामुळे नव्हता. मला खात्री होती की तो माझ्यावर नजर ठेवायला आपल्या घरात शिरतोय. आमचं बिनसलं म्हणून मी विरोध केला. तू आजवर उलटं समजत आलीस आणि मी समजू दिलं.

चुकीचा परिणाम विचारशील तर निबंधाचा निष्कर्ष टिकतो, फक्त तो आकडा चुकीचा आहे. पण बाकीच्या पाचशे पंचाहत्तरांतल्या पुष्कळांनी तोच आकडा जसाच्या तसा उचलून संगणकावर हृदयं बनवली. ती नीट धडधडेनात. मग त्यांनी दुसरा एखादा आकडा पिळून ती धडधडवली आणि त्यावर निबंध लिहिले. दोघांना तर त्यावर बढती मिळाली. इथवर गंमत होती. आता अशाच एका हृदयावर औषधं तपासतात, कोणत्या गोळीने ठोका बिघडेल ते माणसांना देण्याआधी कळावं म्हणून. तो निबंध मी गुरुवारी वाचला. तिथे अकरा मिलिव्होल्ट म्हणजे गंमत नाही.

मी उठून खिडकीशी गेले तेव्हा आकडेबाईंनी विचारलं, "सापडलं का काही मॅडम?"

म्हटलं, "हो. घरचंच कार्य होतं."

हे पत्र त्याला दाखव किंवा दाखवू नकोस. दाखवलंस तर त्याचा चेहरा कसा झाला ते मला कळवू नकोस.

ताई


२४ मार्च, सोमवार

प्रिय खाऱ्या,

'प्रिय' लिहून बराच वेळ थांबले होते. ठेवते तसंच.

बारकी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिचं पत्र आलं, त्यात मला उद्देशून जे आहे ते मी इथे लिहीत नाही. दातांच्या डॉक्टरकडे इतके शब्द असतात हे मला माहीत नव्हतं. शेवटी तिने लिहिलंय की तिने तुला विचारलं, "तुम्ही ताईला सरळ सांगितलं का नाही कधी?" आणि तू म्हणालास, "एकदा सांगितलं होतं." तेवढंच. आणि जेवायला बसलास.

एकवीस तारखेला मी समितीपुढे दोन कागद ठेवले. एक खुलासा, त्यात तीन ओळी. दुसरा, नियतकालिकाला आदल्या दिवशी धाडलेल्या दुरुस्तीची प्रत. अध्यक्षांनी ती वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही वाचली.

"मॅडम, हे आत्ताच कशाला? बावीस तारखेला पाठवलं असतं तर?"

"तेव्हा पाठवलं नसतं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाशी काही खरं बोलले असेन.

पद उपसंचालकांना मिळालं. आकडेबाई सांत्वनाला आल्या होत्या. म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. दुरुस्ती छापली की लोक दुरुस्तीचाही संदर्भ देतात. आकडा वाढेलच." त्यांचं मला आता कौतुक वाटायला लागलं आहे.

दुरुस्तीत लिहिलं आहे की ही चूक प्रसिद्धीपूर्वीच तू लक्षात आणून दिली होतीस आणि मी ती मान्य केली नाही. संपादकांना 'मान्य केली नाही'च्या जागी 'नजरेतून सुटली' हवं होतं. मी नाही म्हटलं. लेखकांत तुझं नाव होतं तिथे, दुसऱ्या जागी, परत घातलं आहे. त्यासाठी तुझी संमती लागते. अर्ज सोबत आहे. सही केली नाहीस तरी मी समजेन. एकोणीस वर्षांपूर्वी तुझी संमती न विचारता नाव काढलं, आता घालताना विचारते आहे, हे माझ्याही ध्यानात आलं.

एक शंका मात्र जात नाही आणि ती लिहिल्याशिवाय हे पत्र माझं वाटणार नाही. त्या सदतीस वाक्यांनी तू मला झाकत होतास, की टोचत होतास? 'चुकीचा आकडा' असा शब्द एकदाही लिहिला नाहीस. पण एकदा लिहून थांबलाही नाहीस. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, दोन्ही पटतात. मेहुण्यांच्या स्वभावात दोन्ही बसतं. उत्तर देऊ नकोस. दिलंस तरी मी त्यावर विश्वास ठेवीन असं नाही.

या आठवड्यात माझा एक नवा निबंध छपाईला जातो आहे. लहानच आहे, चार पानांचा. त्यात तो दाब लागत होता. नेहमीसारखा माझ्याच निबंधाचा संदर्भ दिला होता, तो मी काल खोडला. तुझा सगळ्यात पहिला निबंध, ज्यात तो आकडा प्रथमच बरोबर छापला गेला, त्याचा दिला. मूळ प्रत ग्रंथालयातून आणवली, पान क्रमांक दोनदा तपासला, आणि या वेळी कार्यपद्धतीचा परिच्छेदही पूर्ण वाचला. यादीत तो सातवा आहे.

तुझी सहलेखिका